वाटणीतला कॉम्प्युटर

“काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला.”

हे वाक्य मी माझ्या दुकानात इतक्या वेळा ऐकलं आहे, की गिऱ्हाईक दारातून आत येताना त्याच्याआधी मीच ते मनात म्हणून टाकतो. आपोआप काही बंद पडत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. पोरानं कुठून तरी फुकटचा गेम उतरवलेला असतो, साहेबांनी नको ते उघडून बघितलेलं असतं, नाहीतर ऑफिसातल्या कुणी चालू कॉम्प्युटरची वायर उपसून तिथं स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. डॉक्टरकडे आलेला माणूस काल काय खाल्लं ते निदान अर्धं तरी खरं सांगतो. आमचा रोगी मुका, आणि त्याला घेऊन येणारा लबाड. म्हणून या धंद्यातलं पहिलं हत्यार स्क्रू ड्रायव्हर नव्हे, संशय.

संगमनेरच्या स्टँडजवळ माझं दुकान आहे. एवढ्या वर्षांत ते हत्यार मी चांगलं परजून ठेवलं आहे. या अंकाचे संपादक म्हणाले, गमतीचे किस्से लिहा. गंमत आहे, पण ती नंतर लक्षात येते. त्या वेळी दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडे चोर समजून बघत असतात.

कारण संशय काही आमच्याच बाजूनं नसतो. मी सुरुवातीला नगरला एकाच्या दुकानात कामाला होतो, तेव्हा भिंगारचे एक निवृत्त सुभेदार यायचे. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या प्रत्येक स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला होता. ठिपका तुटला की समजायचं, कुणीतरी उघडला आणि आतली चांगली वस्तू काढून जुनी बसवली. मी म्हटलं, “सुभेदारसाहेब, उघडल्याशिवाय दुरुस्त कसा करू?” ते म्हणाले, “उघडा की. माझ्यासमोर उघडा.” मग ते स्टूल ओढून बसले आणि माझ्या हातांकडे असे बघत राहिले, की मला माझेच हात परके वाटायला लागले. काम झाल्यावर त्यांनी खिशातून बाटली काढली आणि सगळ्या स्क्रूंवर परत ठिपके दिले. फुंकर मारून वाळवलेसुद्धा.

दुसरे एक भुसारातले व्यापारी. त्यांची अट अशी, की दुरुस्त करा, पण स्क्रीनकडे बघायचं नाही. मी विचारलं, मग करू कसं? ते म्हणाले, “तुम्हाला सवय असेल ना.” शेवटी मी काय दिसतं ते त्यांनाच वाचायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून बटणं सांगत बसलो. त्यांनी तेही नीट वाचलं नाही. मधली एक ओळ गाळली, आणि मला आजतागायत वाटतं की ती मुद्दाम गाळली.

याचा परिणाम घरी होतो, हे मात्र खरं. बायको म्हणते, “तुम्हाला कुणी चांगली बातमी सांगितली तरी तुम्ही आधी विचारता, कुणी सांगितलं?” मुलीला परीक्षेत चांगले मार्क पडले तेव्हा मी पेपर फुटला होता का म्हणून चौकशी केली होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. धंद्यानं पोट भरलं, पण काही गोष्टी सरळ डोळ्यांनी बघायची सवय गेली. त्याचं वाईट वाटतं.

आता ज्या कामासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो.

प्रवरेच्या पलीकडच्या एका गावात दोन भाऊ. थोरले भानुदास, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, आणि धाकटा रंगनाथ. दोघांची डाळिंबं. काही वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले. आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे: थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला वाटे पाडतानाच सारखे पाडतो. त्याप्रमाणे रान झालं, गुरं झाली, घराच्या मधोमध भिंत आली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. राहिला कॉम्प्युटर. तो एकत्र असताना घेतलेला, आणि दोघांनाही हवा होता. दुसरा घ्यायचा तर कुणी घ्यायचा, यावर पुन्हा भांडण.

तेव्हा आण्णा माझ्याकडे आले होते. म्हणाले, “इंजिनेर, याचं बी दोन वाटं करून द्या.” मी इंजिनियर नाही, आयटीआय झालेला माणूस आहे, पण त्यांनी कधी ऐकलं नाही. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की हे खरंच करता येतं.

नवख्यांसाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या आत एक डिस्क असते, तिच्यावर सगळं साठवलेलं असतं. त्या डिस्कचे भाग पाडता येतात आणि प्रत्येक भागात वेगळी व्यवस्था नांदवता येते. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. बटण दाबलं की एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला आम्ही ग्रब म्हणतो. तो विचारतो, कुणाकडे जायचंय? तुम्ही सांगाल त्या घरात तो नेऊन सोडतो. पण त्या ग्रबचं स्वतःचं बिऱ्हाड लिनक्सच्या भागात असतं. तिथं घोळ झाला की तो दारातच अडून राहतो, आणि मग एकाही घरात जाता येत नाही. हे पुढं कामाला येणार आहे म्हणून आधीच सांगितलं.

मी डिस्कचे बरोबर निम्मे-निम्मे भाग केले. आण्णा स्टूलवर बसून बघत होते. “मधला बांध कुठं हाय, दाखवा,” म्हणाले. मी पडद्यावर रेघ दाखवली. त्यांनी बोट ठेवून दोन्हीकडचे आकडे वाचले, पुन्हा वाचले. ही रेघ कशी सरकवता येते, असंही विचारलं. मी दाखवलं आणि मनात म्हटलं, हा माणूस हे का विचारतोय?

मग रंगनाथ आला आणि त्यानं रीतीप्रमाणे आधी उचललं. त्याची मुलगी स्नेहल संगमनेरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिनं सांगितलं म्हणून त्यानं लिनक्स घेतलं. आण्णांना विंडोज. प्रत्येकाला आपापला पासवर्ड. घराची मधली एक खोली सामाईक राहिली होती, तिला दोन्हीकडून दारं होती, तिथं कॉम्प्युटर ठेवला. बरोबर एक यूपीएसही होता, लाईट गेली तरी थोडा वेळ तग धरायला. त्याची बॅटरी पुढं वर्षभरात मेली. ती बदलली नाही. कारण वाटणीत बॅटरी कुणाची हे ठरलेलंच नव्हतं. आण्णा म्हणत रंगा बदलंल, रंगा म्हणे त्यांनी का बदलू नये. असं मरून पडलेलं यंत्र मी दुसऱ्या कुठल्या गावात बघितलेलं नाही.

त्यानंतर भावांचं बोलणं बंदच झालं. रंगनाथचं म्हणणं, आण्णा दर नांगरटीला एक-एक तास, म्हणजे नांगराची एक-एक सरी, पुढं घेऊन बांध कोरतात. बांध कोरणं म्हणजे मधली हद्द थोडी-थोडी खरवडून आपल्याकडे घेणं. आण्णांचं म्हणणं, बांध आहे तिथंच आहे, रंगाचे डोळे फिरलेत. खरं कोणाचं, मला माहीत नाही. अशा भांडणात खरं असतं ते मातीत, आणि माती बोलत नाही.

तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर, थंडी पडायला लागली होती तेव्हा, एका सकाळी रंगनाथ मोटरसायकलवरून आला. मागं स्नेहल, तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा.

“काय झालं?”

“आमी काय केलं न्हाई,” रंगनाथ म्हणाला. पुढचं वाक्य मला तोंडपाठ होतं, पण तो ते बोलला नाही. त्यानं आवाज खाली आणला. “त्यानं केलं.”

“कुणी?”

“दुसरं कोन हाय आमच्यात?”

मी चालू केला. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, की ही मांडणी मला ओळखता येत नाही. खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि पुढं लुकलुकणारी छोटी रेघ. म्हणजे ग्रब दारात उभा होता आणि त्याचं स्वतःचं घरच त्याला सापडत नव्हतं. विंडोज नाही, लिनक्स नाही.

स्नेहल रडलेली दिसत होती. तिनं सांगितलं ते असं. शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प होता. डाळिंबाच्या पानावर आणि फळावर तेल्या येतो, तेलकट काळे डाग पडतात, बाग जाते. पानाचा फोटो दाखवला की हा तेल्या आहे की दुसरं काही हे ओळखणारा प्रोग्राम ती करत होती. त्यासाठी सगळा पावसाळा तिनं पानांचे फोटो काढले होते. रोज सकाळी, त्याच झाडांचे, डाग कसा वाढत जातो ते टिपत. ते सगळे या डिस्कवर होते. पुढच्या आठवड्यात कॉलेजात दाखवायचे होते.

“दुसरीकडे कुठं ठेवलेत?”

“मोबाईलमधून इकडे घेतले की पुसत होते, काका. मोबाईलमध्ये जागाच नाही. आणि इथंही जागा संपत आली होती.”

“पुन्हा काढता येणार नाहीत?”

“पाऊस गेला. ती पानंपण गळून गेली.”

मी तिच्याकडेही संशयानं बघितलं, लपवत नाही. कॉम्प्युटर शिकणारी पोरं स्वतःच काहीतरी खाजवतात आणि मग रडतात. पण तिनं नजर चुकवली नाही. तिनं फक्त विचारलं, “निघतील का?”

रंगनाथला दुसरीच घाई होती. “पोरीचं काढाच. पन मला हे बी सांगा, की कुनी केलं. मशीनमधी समदं उमटतं ना?”

“पुष्कळ उमटतं.”

“मंग बघा. आमच्या मधल्या खोलीत तिसरं कुनी येत न्हाई. त्यानं केलं आसंल तर मी रानाच्या मोजणीला अर्ज टाकतो, कोर्टात जातो. आजवर गप बसलो, बांध कोरला तरी गप बसलो. आता पोरीचं वरीस कोरलंय त्यानं.”

स्नेहल खाली बघत होती. “बाबा, आण्णाकाका असं नाही करणार,” ती हळूच म्हणाली.

“तुला काय ठावं?” एवढंच बोलून तो पायऱ्या उतरला.

या कामात माझा एक नियम आहे: आधी नक्कल, मग अक्कल. बिघडलेल्या डिस्कवर थेट काही करायचं नाही. तिची शब्दशः दुसऱ्या डिस्कवर नक्कल घ्यायची आणि हात त्या नकलेला लावायचा. अर्धवट शहाण्यांनी ‘दुरुस्त करा’ म्हणून बटण दाबलेल्या डिस्का माझ्याकडे आल्या आहेत. त्यांतून काही निघत नाही. मी नक्कल लावली आणि चहा मागवला.

दुपारी आण्णा आले.

ते दुकानात शिरले नाहीत. समोरच्या टपरीजवळ थोडा वेळ उभे राहिले, मग रस्ता ओलांडून दारात आले. “माऊस हाय का?” म्हणाले.

“कशासाठी? कॉम्प्युटर तर इथं आहे.”

“आसू द्या. घेऊन ठिवतो.”

माऊस हातात घेऊन त्यांनी तो उलटसुलट केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “पोरीचं निघंल का?”

त्यांच्या स्वतःच्या वाट्याबद्दल एक शब्द नाही. त्यांचं विंडोजही बंद पडलं होतं. माणूस आधी स्वतःच्या वस्तूची चौकशी करतो. दुसऱ्याच्या वस्तूची आधी चौकशी कोण करतो? ज्याला तिचं काय झालंय ते ठाऊक आहे तो.

“बघू,” मी म्हटलं.

“इंजिनेर, कुनी काय केलं, ते बी दिसतं का त्यात?”

“दिसतं.”

त्यांचा चेहरा उतरला. माऊस टेबलावर ठेवून ते म्हणाले, “ते न्हाई दिसलं तरी चालंल. पोरीचं तेवढं काढा.” आणि माऊस न घेताच गेले.

माझ्या मनात निकाल लागून गेला. पोलिसाला यापेक्षा जास्त काय लागतं?

नक्कल झाल्यावर मी आधी आण्णांचा वाटा उघडला. तो शाबूत होता. धाकट्याचा वाटा मोडला आणि थोरल्याचा शाबूत! शिवाय त्यात आणखी एक गोष्ट दिसली. आण्णांना बैलगाडा शर्यतींचं वेड. गावोगावच्या शर्यतींचे व्हिडिओ त्यांनी साठवलेले होते, हे मला माहीत होतं, कारण वाटणीच्या वेळी ‘माज्या शर्यती माज्याकडं’ असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. तो कप्पा रिकामा होता. अलीकडेच, जाणूनबुजून, एकूण एक व्हिडिओ पुसलेला. मी धंद्यातला माणूस, मी लगेच म्हटलं: चोरी करण्याआधी घर आवरून ठेवलंय. स्वतःचं काही अडकू नये म्हणून.

मग मी मधली रेघ बघितली.

ती मी ठेवली होती तिथं नव्हती. मी निम्म्यावर ठेवली होती, माझ्या हातानं, आण्णांच्या बोटाखाली. ती सरकलेली होती.

“कोरला!” मी एकटाच मोठ्यानं म्हणालो. रानातला कोरला आणि इथलाही कोरला. मला राग आला. सख्ख्या पुतणीच्या वाट्यात घुसायचं, तेही असल्या बिनमातीच्या जमिनीसाठी? मी रंगनाथला फोन लावायला मोबाईल उचलला.

का थांबलो ते सांगतो. फोनवर सांगायचं तर किती कोरला तेही सांगावं लागणार, म्हणून मी आकडे वाचायला लागलो. आणि आकडे जुळेनात. आण्णांचा वाटा निम्म्यापेक्षा लहान होता. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आण्णांचा वाटा लहान झाला होता आणि त्यांच्याकडून सुटलेली जागा स्नेहलच्या वाट्याला जोडायचं काम अर्धवट राहिलं होतं. रेघ सरकली होती, पण उलट्या दिशेला. मघाशीही हेच आकडे माझ्यासमोर होते. वाचले मात्र मी नव्हते, माझ्या संशयानं वाचले होते.

मोबाईल खाली ठेवला.

मग सगळं ओळीनं लागत गेलं. डिस्क भरत आली म्हणून पोरगी मधल्या खोलीत कुणापाशी तरी बोलली असणार, आणि ते आण्णांच्या कानावर गेलं असणार. आण्णांनी आपल्या शर्यती पुसून आपला वाटा मोकळा केला, आणि मी दाखवली होती तशी रेघ आपल्या बाजूला ओढली. पण त्यात एक मेख असते, ती मी त्यांना सांगितली नव्हती, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. स्नेहलच्या वाट्याचं सुरुवातीचं टोक पुढं आणलं, की तिचं सगळं सामान ओळीनं उचलून पुढं मांडावं लागतं. त्याला तास-तास लागतात, आणि तेवढा वेळ लाईट जाता कामा नये. गावात फोन करून विचारलं, तर त्या पहाटे विजेच्या डीपीवर काहीतरी झालं आणि लाईट गेली होती. यूपीएसची बॅटरी तर दोघांच्या मानापायी कधीचीच मेलेली. अर्धं सामान नव्या जागी, अर्धं जुन्या जागी, आणि कुठपर्यंत आलंय ते कुणालाच माहीत नाही. असं ते बिऱ्हाड मोडलं होतं.

पण मोडलेलं असलं तरी हरवलेलं नव्हतं. सगळं होतं, फक्त दोन जागी विभागलेलं. काम जिथं थांबलं तो सांधा सापडला, की तिथून पुढचं सामान आपण उचलून आणायचं. सांधा शोधायची युक्ती अशी, की थांबण्याआधी उचललेला थोडा भाग दोन्हीकडे सापडतो: नव्या जागी आणलेला, आणि जुन्या जागी अजून पुसला न गेलेला. हे दुहेरी कुठं संपतं तिथं लाईट गेली. डोळ्यांनी शोधायचं तर जन्म जाईल. मी तुलना करत जाणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि लावून दिला.

पहिल्यांदा चुकला. फोटो उघडले ते अर्धं पान हिरवं आणि खालचं अर्धं नुसतं करड्या पट्ट्यांचं. तोपर्यंत हे काम दुसऱ्या कुणाचं राहिलेलं नव्हतं, माझंच झालं होतं. नक्कल पुन्हा घेतली, प्रोग्राममधली चूक काढली, पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला फोटो उघडला. डाळिंबाचं पान, वर पावसाचं पाणी, कडेला तेलकट डाग. दुसरा उघडला. त्याच पानावर डाग जरा मोठा. मी उघडतच गेलो. रोगाचे फोटो बघून कुणाला एवढा आनंद झाला नसेल. सगळं निघालं. मग ग्रब नव्यानं बसवला. त्यानं नेहमीसारखं विचारलं, कुणाकडे जायचंय? आणि दोन्ही घरांची दारं उघडली.

रंगनाथ आणि स्नेहल संध्याकाळी आले. स्नेहल खुर्चीवर बसली, एकेक फोटो उघडत गेली आणि मध्येच तिनं तोंडावर ओढणी धरली. “सगळे आहेत,” ती म्हणाली. “काका, सगळे आहेत.”

रंगनाथनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळला. “आता सांगा. कुनी केलं?”

आण्णांचा उतरलेला चेहरा मला आठवला. न्हाई दिसलं तरी चालंल, म्हणाले होते. पण समोरचा माणूस कोर्टाची पायरी चढायला निघाला होता आणि माझ्याजवळ खरं होतं. ते दाबून ठेवणं म्हणजे मीच खोटं बोलणं.

“आण्णांनीच,” मी म्हटलं.

“बघ!” तो स्नेहलला म्हणाला.

“बघ नाही, तुम्ही बघा.” मी त्याला पडद्यापुढं बसवलं. रेघ दाखवली, आधी कुठं होती ते दाखवलं, आता कुठं आहे ते दाखवलं. त्याचा वाटा आणि भावाचा वाटा बोटानं दाखवला, जसा आण्णांना दाखवला होता. त्यानं दोन्ही आकडे वाचले. पुन्हा वाचले.

“म्हंजी त्यानं कमी घेतलं?”

“स्वतःचं कापून तुम्हाला दिलं. देता-देता लाईट गेली.”

रंगनाथचा विश्वास बसेना. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझाही बसला नव्हता. “न्हाई,” तो म्हणाला. “यात कायतरी डाव आसनार. हितं देऊन रानात मागायचं. उद्या म्हनंल, मी तुला एवढं दिलं, तू मला तेवढं सोड.”

“बाबा,” स्नेहल म्हणाली, “आण्णाकाकांच्या शर्यती बघा. हल्ली ऐकूच येत नव्हत्या.”

मी आण्णांचा रिकामा कप्पा उघडून दाखवला. रंगनाथ वाकून बघत राहिला. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी शर्यतीतला आरडाओरडा ऐकू यायचा, हे तोच पुढं मला म्हणाला. त्या वेळी मात्र त्यानं फक्त विचारलं, “समद्या?”

“सगळ्या.”

तो उठला, दुकानाच्या दारापर्यंत गेला, परत आला. खिशातून मोबाईल काढला. “मी त्याला इचारतो. तुमी ऐका दोघं. नंतर शबूद फिरवायला नको.” म्हणजे अजूनही त्याला साक्षीदार हवे होते. त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. किती तरी वेळ वाजत राहिला. पलीकडे भावाचं नाव बघून उचलायचा की नाही हे ठरत नसावं.

“बोल,” आण्णांचा आवाज आला.

“आण्णा, कॉम्पुटर झाला.”

“पोरीचं निघालं?”

“निघालं. समदं.”

“मंग बरं झालं,” आण्णा म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला श्वास आम्हाला तिघांनाही ऐकू आला.

रंगनाथनं टेबलाची कड धरली. “तू तुजी जागा दिली व्हतीस?”

पलीकडे कुठंतरी गाय हंबरली.

“मला सांगायचं न्हाई का? मी काय-काय बोललो लोकांत. कोर्टात चाललो व्हतो मी, आण्णा. सांगायचं न्हाई का?”

“सांगितलं आस्तं,” आण्णा म्हणाले, “तर घेतली आस्तीस का?”

रंगनाथ मोबाईलकडे बघत राहिला. स्नेहल त्याच्याकडे बघत होती. मी स्क्रू ड्रायव्हर उचलून उगाच डब्याचं झाकण बसवायला लागलो.

“न्हाई,” तो म्हणाला.

त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.